घाट, पठार आणि पी०१७१

पहिला दिवस : किनारा ते घाटाचा पायथा

समुद्रकाठाने निघून घाट चढायचा, वरच्या पठारावर मुक्काम करायचा आणि परतीला दुसऱ्या, अधिक उताराच्या रस्त्याने खाली यायचे, असा आमचा बेत होता. गाडी पेट्रोलवर चालणारी, बरीच वर्षे वापरलेली, पण वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली होती. सोबत भाचा होता आणि चालवण्याचे काम आम्ही आळीपाळीने करणार होतो. लांबच्या प्रवासाआधी टायरची हवा, ऑइल, कूलंट आणि ब्रेक पाहतो, तसा मी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र, तेही लावून पाहतो. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागलेला नाही, याचा अर्थ गाडीच्या संगणकाकडे सांगण्यासारखे काहीच नाही असा होत नाही.

स्कॅनर लावायचे सॉकेट स्टीअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ असते. त्यात १६ पिनांची जागा असते. १६व्या पिनवर बॅटरीचा थेट पुरवठा, ४ आणि ५ क्रमांकांवर अर्थिंग, आणि अलीकडच्या गाड्यांमध्ये ६ आणि १४ या जोडीवरून संगणकाशी संभाषण चालते. निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकच स्कॅनर चालतो, याचे श्रेय प्रदूषणाच्या कायद्यांना आहे. कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवावेत अशी सक्ती केली, पण तेव्हा प्रत्येक कंपनीचे सॉकेट आणि कोड वेगळे होते. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून ओबीडी-२ (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स) ही समान पद्धत बंधनकारक झाली, आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून तसाच नियम लागू झाला. इंजिनाचा तो पिवळा दिवा मुळात धुरासाठी आहे, हे त्यामुळेच ध्यानात ठेवावे लागते. उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होईल असा बिघाड झाला की तो लागला पाहिजे, असे अमेरिकी नियमाचे सूत्र आहे. ब्रेकचे पॅड झिजले किंवा टायर गुळगुळीत झाले, तर तो दिवा काहीही बोलणार नाही.

माझा स्कॅनर वायरीचा, हातात धरायचा आहे. भाच्याकडे ब्लूटूथवर चालणारे छोटे यंत्र आणि फोनमधले ॲप होते. दोन्ही एकच माहिती मागतात. मला वायरीचा बरा वाटतो, कारण फोन आला म्हणून नोंद तुटत नाही. मात्र ती वायर पेडलांच्या आसपास लोंबकळू देता कामा नये, आणि चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहायचे नाही, हे आम्ही निघतानाच ठरवून घेतले. आकडे वाचायचे काम शेजारच्याचे.

सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना, चावी फिरवून पण सेल्फ न मारता मी पहिले आकडे लिहून घेतले. कूलंटचे तापमान २६ अंश, आत येणाऱ्या हवेचे २७ अंश. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन आकडे जवळपास सारखेच असायला हवेत. त्यांच्यात पंधरा-वीस अंशांचा फरक दिसला, तर दोघांपैकी एक सेन्सर चुकीचे सांगतो आहे असे समजावे. हवेचा दाब १०१ किलोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीला असायला हवा तेवढाच. बॅटरी १२.६ व्होल्ट, आणि इंजिन सुरू झाल्यावर १४.१. कोड एकही नव्हता.

दिवसभराचा रस्ता सपाट आणि मोकळा होता. शेवटच्या टप्प्यात मात्र पायथ्याच्या गावात वाहनांची लांब रांग लागली आणि गाडी बराच वेळ जागेवरच आयडलला, म्हणजे इंजिन चालू पण रेस न देता, उभी राहिली. मुक्कामाला पोहोचल्यावर स्कॅनर लावला, तर दिवा लागलेला नसतानाही ‘पेंडिंग’ या यादीत एक कोड आलेला होता : पी०१७१.

या कोडची रचना समजली की निम्मी भीती जाते. पहिले अक्षर विभाग सांगते. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, ‘सी’ म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन, ‘बी’ म्हणजे एअरबॅगसारख्या बॉडीच्या यंत्रणा, आणि ‘यू’ म्हणजे गाडीतल्या संगणकांचे आपापसातले संभाषण. त्यानंतरचे शून्य म्हणजे हा कोड सर्व कंपन्यांना सामाईक आहे. तिथे १ असेल तर तो बहुधा त्या कंपनीचा खास कोड असतो आणि त्याचा अर्थ त्या कंपनीच्याच माहितीत शोधावा लागतो. तिसऱ्या जागेवरचा १ इंधन आणि हवेच्या मोजणीकडे बोट दाखवतो. तिथे ३ असता तर मिसफायर, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण नीट न पेटणे, ४ असता तर प्रदूषण नियंत्रणाची जोडयंत्रणा. पी०१७१चा अर्थ एवढाच, की बँक १मधले, म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या रांगेतले, मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. पेंडिंग याचा अर्थ, संगणकाला दोष एकदा दिसला आहे आणि दिवा लावण्याआधी तो पुढच्या फेरीत, म्हणजे गाडी पुन्हा सुरू करून चालवल्यावर, पुन्हा दिसतो का याची वाट पाहतो आहे.

दुसरा दिवस : घाट

सकाळी गाडी नेहमीसारखी सुरू झाली. घाट लागण्याआधी पुन्हा रांग होती, आणि त्या रांगेतच, आयडलला उभे असताना, दिवा लागला. तो स्थिर होता, लुकलुकत नव्हता. हा फरक फार महत्त्वाचा आहे. स्थिर दिवा म्हणजे दोष नक्की झाला आहे, लवकर पाहून घ्या. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाते आहे आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या क्षणी तापून खराब होऊ शकतो. तेव्हा ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच काढावा आणि सुरक्षित जागी थांबावे.

पुढच्या रुंद वळणावर गाडी बाजूला घेतली. भाच्याने फोन पुढे केला.

“मामा, हे बघा, ॲप म्हणतंय ऑक्सिजन सेन्सर बदला.”

“अरे, कोडमध्ये सेन्सरचं नावच नाही. मिश्रणात पेट्रोल कमी आहे, एवढंच तो म्हणतोय. आधी सेन्सर खरं बोलतोय का ते बघू.”

“मग कोड पुसून बघायचा का? परत आला तर कळेलच.”

“पुसायचा नाही. त्याच्याबरोबर जे लिहून ठेवलंय तेही जाईल.”

जे लिहून ठेवलेले असते त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दिवा लागताना इंजिन कोणत्या अवस्थेत होते, याचा तो एका क्षणाचा उतारा असतो, आणि स्कॅनर घेणाऱ्या पुष्कळ लोकांनी तो कधी उघडलेलाही नसतो. आमच्या फ्रीझ फ्रेममध्ये पुढील आकडे होते : कूलंट ९१ अंश, इंजिनाचा वेग ७६० आरपीएम, गाडीचा वेग शून्य, अल्पकालीन फ्युएल ट्रिम अधिक ८ टक्के, दीर्घकालीन फ्युएल ट्रिम अधिक १९ टक्के.

फ्युएल ट्रिम समजून घेतल्याशिवाय या कोडचा उलगडा होत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आत येणारी हवा एअर फिल्टरच्या पुढचा सेन्सर मोजतो, संगणक त्या हिशेबाने पेट्रोल फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे ठेवायचे ते ठरवतो, आणि जळून बाहेर पडलेल्या वायूत ऑक्सिजन उरला की नाही हे पुढचा ऑक्सिजन सेन्सर कळवतो. ऑक्सिजन उरला असेल तर पेट्रोल कमी पडले, म्हणून संगणक ते वाढवतो. या क्षणोक्षणीच्या वाढीघटीला अल्पकालीन ट्रिम म्हणतात, आणि सतत एकाच बाजूला दुरुस्ती करावी लागते आहे असे दिसल्यावर संगणक जी सवय लावून घेतो ती दीर्घकालीन ट्रिम. शून्याच्या आसपास, अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत, दोन्ही असतील तर इंजिन निरोगी मानावे. आमची बेरीज २७ टक्के होती. एवढे जास्तीचे पेट्रोल देऊनही मिश्रण जेमतेम जमत होते, म्हणूनच गाडी चालवताना काहीच जाणवत नव्हते.

मग ऑक्सिजन सेन्सरची परीक्षा केली. आमच्या गाडीतला सेन्सर जुन्या पद्धतीचा, ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खालीवर होणारा आहे. गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून मी एकदम रेस दिली आणि सोडली. भाचा आलेख पाहत होता. रेस देताच रेषा ०.९कडे चढली, सोडताच ०.१च्या जवळ उतरली, आणि आयडलला पुन्हा भराभर खालीवर होऊ लागली. इतक्या चपळपणे दोन्ही टोके गाठणाऱ्या सेन्सरवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. तो बदलला असता तर नव्या सेन्सरनेही हेच सांगितले असते.

त्यानंतरची चाचणी सर्वांत साधी, आणि माझ्या मते या कोडसाठी सर्वांत मोलाची आहे. इंजिन २,५०० आरपीएमवर मिनिटभर स्थिर ठेवले आणि दोन्ही ट्रिमची बेरीज पाहिली. ती २७वरून ७ टक्क्यांवर आली. पाय सोडून आयडलला येऊ दिले, तर थोड्याच वेळात पुन्हा पंचविशीच्या वर. यामागचा हिशेब असा आहे, की कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरत असेल, तर आयडलला इंजिनाला हवाच थोडी लागत असल्यामुळे तेवढीशी गळतीही मोठा वाटा उचलते. वेग वाढला की मोजलेली हवा कितीतरी पटींनी वाढते आणि गळतीचा वाटा नगण्य होतो. उलट, पेट्रोलचा पंप कमजोर असता किंवा फिल्टर तुंबला असता, तर आयडलला आकडे ठीक आणि चढावर, भार पडल्यावर, वाईट दिसले असते. कोड दोन्ही वेळेला तोच, पी०१७१. फरक फक्त ट्रिम सांगते.

“वर हवा विरळ आहे, त्याच्यामुळे तर नसेल?” भाच्याने विचारले. प्रश्न योग्यच होता. पण हवा विरळ झाली की इंजिनात ऑक्सिजन कमी जातो, म्हणजे बिघाड झालाच तर पेट्रोल जास्त होण्याकडे झुकेल. शिवाय सेन्सर हवेचे वस्तुमान मोजत असल्याने उंचीचा हिशेब आपोआप होतो. आणि पेंडिंग कोड तर पायथ्यालाच आला होता.

दिवा स्थिर, मिसफायर नाही, कूलंट ठीक, आणि दोष आयडलपुरता मर्यादित, एवढे कळल्यावर पुढे जायचे ठरवले. घाटभर कूलंटचे तापमान ९० ते ९६ अंशांच्या दरम्यान राहिले. गाडीतला काटा मधोमध होता आणि तिथून तो हललाच नाही, कारण बहुतेक गाड्यांमध्ये तो मुद्दामच मधल्या पट्ट्यात स्थिर दाखवतात. खरा आकडा स्कॅनरवरच पाहावा लागतो. हवेचा दाब मात्र वळणागणिक उतरत गेला, आणि माथ्यावर, सुमारे १,३०० मीटरवर, ८६ किलोपास्कल झाला. डोंगर किती चढलो ते दाबाच्या त्या सेन्सरने आम्हाला अचूक सांगितले, याचा मला मनापासून आनंद वाटला.

तिसरा दिवस : पठार

पठारावरच्या कड्यापाशी, रस्त्याच्या कडेला एक कुटुंब बोनेट उघडून उभे होते. त्यांच्या गाडीचा दिवा चढावर लुकलुकला होता आणि इंजिन थरथरत होते. गाडी चालवणारा तरुण आमच्या हातातला स्कॅनर पाहून पुढे आला आणि म्हणाला, “काका, एकदा बघता का? सुरू होते, पण ओढत नाही.”

कोड होता पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. कोणता सिलिंडर ते यातून कळते, पण दोष स्पार्क प्लगचा, कॉइलचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे कळत नाही. त्यांच्या इंजिनात प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज पुरवणारी स्वतंत्र कॉइल होती, त्यामुळे एक खात्रीची तपासणी तिथेच करता आली. आधी कोड आणि फ्रीझ फ्रेम कागदावर उतरवून घेतले. इंजिन बंद करून, थोडे निवू देऊन, दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवली, कनेक्टरची कुलपे टक् आवाज येईपर्यंत दाबली, कोड पुसला आणि इंजिन आयडलला चालू केले. थोड्या वेळाने कोड परत आला, तो पी०३०३. दोष कॉइलबरोबर तिसऱ्या सिलिंडरवर गेला होता, म्हणजे कॉइलच गेली होती. प्लग बदला, इंजेक्टर धुवा, अशा अंदाजांची गरजच उरली नाही. इथे कोड पुसणे योग्य होते, कारण तो कशासाठी पुसतो आहोत हे ठरलेले होते आणि नोंद हातात होती.

त्यांना तशी गाडी चालवत खाली नेऊ नका, असे मी निक्षून सांगितले. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, त्याची आतली जाळी वितळू शकते, आणि एका कॉइलचे दुखणे कितीतरी मोठे होते. त्यांनी ते मानले आणि कॉइल मागवून घेतली.

दुपारनंतर आम्ही पठारावरच फिरलो. आमचे आकडे तसेच होते : चालताना बरे, थांबल्यावर वाईट.

चौथा दिवस : गॅरेज

पठारावरच्या गावातल्या गॅरेजमध्ये सकाळी गाडी नेली. मेकॅनिक वयाने मोठे होते. त्यांनी इंजिनाचा आवाज काही वेळ नुसताच ऐकला आणि विचारले, “कोड पुसून देऊ का?”

“नको दादा. आयडलला ट्रिम सत्तावीस आहे, रेस दिली की सातावर येते. कुठेतरी हवा ओढतंय असं वाटतं.”

त्यांनी मान डोलावली आणि पुढे एक शब्द न बोलता धुराचे यंत्र काढले. इंजिन बंद ठेवून इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेण्याच्या, वाटेत अगदी हलक्या दाबाने धूर सोडतात. जिथे फट असेल तिथून तो बाहेर येतो. गरम इंजिनावर पेटणारा स्प्रे मारून गळती शोधणारेही असतात, पण आगीचा धोका पाहता मी ती पद्धत कोणालाच सुचवणार नाही. मिनिटभर काही दिसले नाही. मग इनटेक मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूने, खालून, धुराची एक बारीक रेघ वर येऊ लागली. दादांनी टॉर्च धरली आणि बोटाने दाखवली : क्रॅंककेसमधले, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातले, वायू पुन्हा इनटेकमध्ये नेणारा रबरी पाइप.

पाइप बाहेर काढल्यावर वरून तो धडधाकट दिसत होता. ऑइलच्या वाफांनी त्याचे कोपराचे वळण मऊ आणि फुगीर झाले होते. दादांनी ते वळण दोन बोटांत धरून किंचित उलटे वाकवले, तेव्हा आतल्या बाजूची चीर उघडली. नखाएवढी लांब, कडा काळ्या आणि चिकट. बोट सोडताच ती मिटली आणि दिसेनाशी झाली. इंजिन बंद असताना नुसत्या नजरेने तपासणाऱ्याला ती सापडली नसती. क्लॅम्पही ढिला झाला होता. नवा पाइप आणि नवा क्लॅम्प बसवून इंजिन सुरू केले.

त्यानंतरची काही मिनिटे मी स्कॅनरवरून नजर काढली नाही. दीर्घकालीन ट्रिम अजून अधिक १९च दाखवत होती, कारण संगणकाची सवय एका क्षणात सुटत नाही. पण न मोजलेली हवा थांबल्यामुळे तेवढे पेट्रोल आता जास्त होऊ लागले, आणि अल्पकालीन ट्रिम उणे १५, उणे १७ अशी खाली गेली. दोन्हींची बेरीज शून्याजवळ आली. त्यापुढे चालवत राहिल्यावर दीर्घकालीन आकडा हळूहळू उतरू लागला, १६, १२, ९, आणि अल्पकालीन त्याच मापाने वर येऊ लागला. दुरुस्ती लागू पडल्याचा याहून स्पष्ट पुरावा नसतो.

“आता तरी पुसायचा ना?” भाच्याने विचारले. पुसला असता तरी चुकले नसते. दुरुस्तीनंतर पुष्कळ मेकॅनिक पुसतातच, कारण ट्रिम लगेच शून्यापासून नव्याने शिकते. पण पुसताना कोड आणि फ्रीझ फ्रेमबरोबर गाडीच्या सर्व आत्मपरीक्षणांची नोंदही कोरी होते. कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफांची यंत्रणा, या प्रत्येकाची चाचणी ठरावीक परिस्थितीतच होते. वाफांच्या चाचणीला तर टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान भरलेली असावी लागते. त्या पूर्ण होईपर्यंत प्रदूषण तपासणीत गाडी ‘तयार नाही’ अशी दिसू शकते. जुनी गाडी विकणारा कोणी आदल्या दिवशी कोड पुसून आणतो, तेव्हा याच अपूर्ण चाचण्या त्याची चुगली करतात. साधारण २०१०नंतरच्या पुष्कळ गाड्यांमध्ये तर कायम कोडांची वेगळी यादी असते, जी स्कॅनरने पुसता येत नाही. दोष गेला अशी गाडीचीच खात्री पटल्यावर ती मोकळी होते. म्हणून मी दिवा आपला आपण विझू देणे पसंत केले. दोष न दिसलेल्या सलग तीन फेऱ्यांनंतर तो विझतो.

पाचवा दिवस : उतार

परतीचा रस्ता तीव्र उताराचा होता. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की पुढच्या ऑक्सिजन सेन्सरची रेषा शून्याला टेकत होती आणि तिथेच राहत होती. “मामा, परत लीन!” भाचा दचकून म्हणाला. पण हा दोष नव्हे. उतारावर चाकेच इंजिन फिरवत असतात, तेव्हा संगणक इंजेक्टर पूर्ण बंद करतो. नुसती हवा आत जाऊन बाहेर पडते आणि सेन्सर ते प्रामाणिकपणे कळवतो. ट्रिमचा हिशेबही त्या वेळी थांबलेला असतो. वेग आयडलच्या जवळ आला की इंजेक्टर पुन्हा चालू होतात. न्यूट्रलमध्ये उतरल्याने पेट्रोल वाचते असे समजणाऱ्यांनी ही रेषा जरूर पाहावी : न्यूट्रलमध्ये इंजिनाला आयडलपुरते पेट्रोल लागतेच, आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो.

वाटेत थांबे घेतले, इंजिन बंद केले, पुन्हा चालू केले, आयडलला उभे ठेवून आकडे लिहिले. दुपारच्या थांब्यानंतर सेल्फ मारला आणि सर्व दिवे विझले तेव्हा इंजिनाचाही विझला. स्कॅनर लावून पाहिले, तर पेंडिंग यादी रिकामी होती, आयडलला दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक ३ टक्के होती, आणि पी०१७१ त्याच्या फ्रीझ फ्रेमसह स्मरणात अजून शाबूत होता. दोष परत आला नाही, तर बहुतेक कोड इंजिन ४० वेळा थंड होऊन गरम झाल्यावर स्मरणातून आपोआप जातात.

भाच्याने आपले ब्लूटूथचे यंत्र सॉकेटमध्येच राहू दिले होते. ते काढून ठेवायला मी सांगितले, कारण १६व्या पिनवर चावी काढल्यावरही वीज असते आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर असे यंत्र बॅटरी उतरवते. त्याने ते काढले, आणि वहीत शेवटच्या आकड्यांखाली पाइप बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिले.